भाववही कशी ठेवायची: कोकणातल्या घरात खरी स्वस्ताई ओळखायची रीत

दोन वर्षांपूर्वी चतुर्थीच्या आधी आम्ही तेलाचा डबा घ्यायला तालुक्याच्या बाजारात गेलो होतो. एका दुकानात डबा २३७० ला सांगितला, पलीकडच्या गल्लीत दुसऱ्याने २२५० सांगितले, सरळ १२० रुपये वाचतायत म्हणून दुसरीकडचा उचलला आणि रिक्षात घालून घरी आणला. सासूबाईंनी डबा ओढून चुलीजवळ नेला आणि म्हणाल्या, "ह्यो डबो हलको लागता गो." मग लेबल नीट वाचलं. त्यावर १५ लिटर होतं. पहिल्या दुकानातला १५ किलोचा होता.

तेल पाण्यापेक्षा हलकं असतं, एक लिटर तेल वजनाला साधारण ९१० ग्रॅम भरतं, म्हणजे १५ लिटरचा डबा झाला १३ किलो ६५० ग्रॅम. २२५० भागिले १३.६५ केलं तर किलोला १६५ च्या आसपास पडले, आणि जो महाग म्हणून सोडून आलो त्याचे १५८ पडत होते. दुकानदाराने काही फसवलं नव्हतं, डब्यावर सगळं छापलेलं होतं, आमच्याकडेच तुलना करायला काही नव्हतं. त्या दिवसापासून मी भाववही, म्हणजे कुठे काय किती भावाने घेतलं त्याची वही, लिहायला लागले आणि आता आमच्या वाडीतल्या चार-पाच घरांत ती आहे, नवीन संसार मांडलेल्या मुली विचारतात की नक्की काय लिहायचं, म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहितेय.

आधी वही घ्या

मुलांची उरलेली अर्धी वही चालते, फक्त पिशवीत मावेल एवढी छोटी असू दे. मोबाईलवर लिहायची सवय असेल तर मोबाईलवर लिहा, पण बाजारात एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात छत्री असताना मला तरी वहीच सोपी जाते, आणि वही घरात सगळ्यांना बघता येते, नवऱ्याला बाजारात पाठवलं तर त्याच्या हातात देता येते.

एका वस्तूला एक पान. आणि सुरुवातीला सगळ्या वस्तू लिहू नका, हे अगदी मनापासून सांगते. पहिल्या महिन्यात ८० वस्तूंचे भाव लिहायला घेतले की दुसऱ्या महिन्यात वही कपाटात जाते. वाण्याच्या गेल्या दोन महिन्यांच्या याद्या काढा आणि ज्यावर खरोखर पैसे जातात अशा १२ ते १५ वस्तू निवडा. आमच्याकडे त्या अशा निघाल्या: तांदूळ, तेल, तूरडाळ, मूग, साखर, गूळ, चहा, कांदे, लसूण, नारळ, सुकी मिरची, कपड्याची पावडर, अंगाचा साबण, टूथपेस्ट आणि सुकी मासळी. मीठ, मोहरी, हळद असल्या गोष्टींवर वर्षभरात जाऊन जाऊन किती जाणार, त्यांच्यामागे लागू नका.

पानावर काय लिहायचं

तारीख, दुकान, सुटी की पॅक, वजन, दिलेले पैसे आणि शेवटी किलोचा भाव. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, बाकीचे त्याच्यासाठीच आहेत. माझ्या वहीतल्या तूरडाळीच्या पानावर एका वर्षी हे असं होतं:

१२ जानेवारी, बाजारपेठेतला वाणी, सुटी, २ किलो, २६४, किलोला १३२
३ फेब्रुवारी, मोठं सुपरमार्केट, पॅक, १ किलो, १३९, किलोला १३९ (एमआरपी १८५)
२१ फेब्रुवारी, वाणी, सुटी, नवी डाळ, २ किलो, २५२, किलोला १२६
१६ मार्च, आठवडा बाजार, सुटी, ५ किलो, ६००, किलोला १२०

आता ३ फेब्रुवारीची ओळ बघा. एमआरपी १८५, आमची किंमत १३९, मोठ्या लाल अक्षरात ४६ रुपयांची बचत लिहिलेली होती, म्हणजे जवळपास २५ टक्के सूट. आणि त्याच डाळीला वाण्याकडे तीन आठवडे आधी सुट्या १३२ पडत होते. एमआरपी म्हणजे जास्तीत जास्त किंमत, त्याच्यावर विकायचं नाही एवढाच तिचा अर्थ, तो काही बाजारातला चालू भाव नव्हे. डाळ, तांदूळ, रवा, सुकामेवा यांच्या पॅकवर बरेचदा एमआरपी इतकी वर छापलेली असते की त्या भावाला ती वस्तू कुणी घेतच नाही, त्यामुळे एमआरपीवर किती टक्के सूट हा आकडा मी वहीत लिहायचाच बंद केलाय. पैसे किती दिले आणि वजन किती आलं, बस.

किलोचा भाव काढायचा कसा

पैसे भागिले ग्रॅम, गुणिले १०००. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर दहा सेकंदाचं काम आहे. आता पॅकवर एमआरपीच्या जवळ बारीक अक्षरात ग्रॅमचा किंवा किलोचा भाव पण छापलेला असतो, किलोच्या आतलं पॅक असेल तर ग्रॅमला, किलोच्या वरचं असेल तर किलोला, तसंच मिली आणि लिटरचं. तो शोधायची सवय लावा. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा, एक म्हणजे तो एमआरपीवर काढलेला असतो, तुम्हाला सूट मिळाली तर तुमचा भाव वेगळा, आणि दुसरं म्हणजे तो दोन दशांशापर्यंतच असतो, ग्रॅमला ०.१६ आणि ०.१७ दिसायला एकच वाटतं पण किलोला तिथे दहा रुपयांचा फरक असू शकतो.

तेलाच्या पिशव्यांमध्ये हे फार होतं. शेल्फवर दोन पिशव्या शेजारी शेजारी, उंची सारखी, एकीवर ९१० ग्रॅम, दुसरीवर ८५० किंवा त्याहून कमी. समजा पहिली १५० ला आणि दुसरी १४४ ला. हात आपोआप १४४ कडे जातो. हिशोब केला तर पहिली किलोला १६५ आणि दुसरी १६९. बिस्किटं, फरसाण, कपड्याची पावडर यांच्यातही किंमत तीच ठेवून वजन उतरवतात, म्हणून वजनाचा रकाना कधी रिकामा सोडू नका, मागच्या वेळी किती ग्रॅम होतं हे आपल्याला आठवत नाही, वहीला आठवतं.

आणि मोठं पॅक म्हणजे स्वस्त असं समजून चालू नका. शॅम्पूचं बघा, बरेचदा एक-दोन रुपयांच्या पुडीतला शॅम्पू मिलीला बाटलीपेक्षा स्वस्त पडतो. प्रत्येक वेळी नाही, म्हणून तर भागाकार करायचा.

साबण-शॅम्पूच्या पानावर अजून एक काम करा. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी बदलला, अंगाचा साबण, शॅम्पू, टूथपेस्ट, बिस्किटं १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आली. म्हणजे आधी १०० ला मिळणारी वस्तू नुसत्या कराच्या फरकाने साधारण ८९ ला यायला हवी. त्या तारखेला पानावर आडवी रेघ मारा आणि रेघेच्या वरच्या भावाशी खालचा भाव ताडू नका, नाहीतर दहा टक्के सूट बघून आपण खूश होतो आणि ती सूट दुकानाची नसतेच.

वाटा, शेकडा, पायली

पॅकवरची गणितं कुठेही सारखीच, पण आपल्याकडे अर्धा बाजार वजनावर चालतच नाही. मासळी वाट्यावर, म्हणजे समोर मांडलेल्या ढिगावर, नारळ नगावर, आंबे डझनावर, कांदा-लसणाच्या माळा, गावातून तांदूळ घेतला तर कुणी पायलीने मोजून देतं, आणि पायलीचं माप सगळीकडे एकच नसतं. इथे एकच उपाय, घरी स्वयंपाकघरातला छोटा काटा ठेवा आणि आणलेलं पहिल्या दोन-तीन वेळा वजन करून बघा.

सुकटीचं सांगते. मालवणच्या बाजारात एप्रिलमध्ये एका मावशीकडून जवळा, म्हणजे बारीक सुकी कोलंबी, घेतला, १०० ला एक वाटा. घरी काट्यावर ठेवला, २३० ग्रॅम. म्हणजे किलोला ४३५. वहीत लिहून ठेवलं. जुलैमध्ये परत घेतला, तेव्हाही १०० लाच वाटा, डोळ्यांना तेवढाच दिसत होता कारण परडी उथळ होती आणि जवळा पसरून ठेवला होता, घरी भरला १४० ग्रॅम, किलोला ७१४. भाव वाढला असं कोणी म्हणालं नाही, वाटा तोच होता. मावशीला दोष देत नाही, पावसात तिच्याकडे माल येणार कुठून, पण मला हे एप्रिलमध्ये माहीत असतं तर मी तेव्हाच दोन किलो घेऊन ठेवला असता. दुसऱ्या वर्षी तेच केलं. मावशीने माप भरताना वर एक मूठ टाकली आणि म्हणाली, "घे गो बाय, पावसात ह्या भावान गावाचा नाय." माझ्या वहीतही तेच लिहिलेलं होतं.

सुकी मासळी घेताना नुसता किलोचा भाव बघू नका, मूठभर हातात घेऊन चोळा. नीट वाळलेला जवळा कुरकुर वाजतो आणि हाताला चिकटत नाही. ओलसर असेल तर आपण पाण्याचे आणि मिठाचे पैसे देतो, आणि आठ दिवसांनी डबा उघडला की वास मारतो. आमसुलांचंही तसंच, ओलीगच्च आणि मीठ लागलेली आमसुलं वजनाला भारी असतात, म्हणून त्या पानावर मी भावासमोर कोरडी किंवा ओली असं लिहिते. तांदळाला नवा की जुना लिहा, नव्याचा भात चिकट होतो म्हणून जुन्याला भाव जास्त असतो, दोघांची तुलना चालत नाही. उकड्याला वेगळं पान द्या.

ताज्या मासळीचं पान मी ठेवून बघितलं आणि सोडून दिलं. सकाळी ९ चा भाव ११ ला नसतो, एका बोटीला बांगडा लागला की बाजार पडतो, ते डोळ्यांनी बघूनच घ्यायचं असतं.

तीन महिने नुसतं लिहायचं

हे नव्या लोकांना कठीण जातं. पहिले तीन महिने कुठल्याही ऑफरमागे धावू नका, नेहमीसारखी खरेदी करा आणि लिहा. तीन महिन्यांनी प्रत्येक पानावर सगळ्यात कमी भाव शोधा आणि त्याला लाल पेनाने गोल करा. आता तुमच्याकडे मापकाठी आली. पुढची ऑफर त्या गोलापेक्षा खाली असेल तरच ती ऑफर, नाहीतर तो रोजचा भाव आहे, लागेल तेवढंच घ्यायचं आणि पुढे जायचं. गोलाच्या खाली भाव मिळाला की जास्तीचं घ्यायचं आणि नवा गोल करायचा.

एकावर एक फ्री असेल तर दोन्हीचं वजन मिळवून दिलेल्या पैशांना भागा आणि गोलाशी ताडा, बरेचदा आधीची किंमत चढवून ठेवलेली असते. आणि तारीख बघा, मुदत संपत आलेला माल असाच काढतात. टूथपेस्टचं एक वेळ चालून जातं, पण मे महिन्यात संपणारी चार किलो कणिक कोण खाणार.

वर्षभराचे चढउतार

वही वर्षभर झाली की कळायला लागतं की कोकणात सगळ्यात मोठी सूट दुकान देत नाही, हंगाम देतो. मी प्रत्येक पानाच्या मागच्या बाजूला बारा महिने लिहून कुठल्या महिन्यात भाव खाली होता तिथे टिंब देते.

तुरीची नवी डाळ फेब्रुवारी-मार्चपासून दिसायला लागते, माझ्या पानावर टिंबं तिथेच आहेत. सुक्या मिरचीची टिंबं पण फेब्रुवारी ते एप्रिल, बेडगी, संकेश्वरी, लवंगी सगळी नवी आलेली असते, रंग ताजा असतो, ऊनही कडक असतं, म्हणून मसाला तेव्हाच करायचा ही सासूबाईंची पद्धत हिशोबानेही बरोबर निघाली. पावसात तयार मसाला विकत घेतला तर किलोमागे किती जास्त जातात ते एकदा आमच्या घरी काढून बघितलं आणि नंतर कधी मसाला चुकवला नाही.

एप्रिल-मे म्हणजे बेगमीचे महिने. सुकी मासळी, आमसुलं, काजू, कांद्याच्या माळा, कडवे वाल, सगळं याच दिवसांत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात सगळेच सुक्या मासळीवर तुटून पडतात आणि भाव चढतो, तुम्ही एप्रिलच्या मध्यालाच उरकून घ्या. बचत गटाच्या बायका घरी आमसुलं, आगळ (कोकमाचा खारवलेला रस) करतात, त्यांच्याकडे मेमध्ये थेट घेतलं तर पॅकच्या दुकानापेक्षा मला कायम स्वस्त पडलंय आणि माल डोळ्यांसमोरचा असतो.

हापूसचं गणित वेगळं. पहिल्या पेट्यांचा भाव बघायचाच नाही, मेमध्ये माल वाढला की उतरतो. आणि मेच्या उत्तरार्धात कॅनिंगला, म्हणजे रस डबाबंद करणाऱ्या कारखान्यांना, किलोवर आंबा जायला लागतो, डाग पडलेला, लहान-मोठा, पण आटवायला, साठं घालायला, मुरांब्याला तोच घ्यावा, डझनाचा आंबा आटवण्यात पैसे घालू नका.

पावसात भाजी. आपली बरीचशी भाजी घाटावरून येते, आंबोली, फोंडा, करूळ या घाटांतून, वर रत्नागिरीकडे आंबा घाट आणि चिपळूणला कुंभार्ली. दरड कोसळून घाट बंद झाला की दोन दिवसांत टोमॅटो, कोथिंबीर कुठल्या कुठे जाते. असा भाव आला की मी समोर घाट बंद लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या वर्षी तो नेहमीचा जुलैचा भाव वाटत नाही. त्या दिवसांत परसातला टाकळा, अळू, शेवग्याचा पाला यावर भागवतो.

मग चतुर्थी. चाकरमानी येतात, प्रत्येक घरात माणसं चौपट, आणि नारळ, गूळ, भाज्या, फुलं सगळ्याला एकदम मागणी. नाशवंत नाही ते महिनाभर आधी घ्या. गूळ, रवा, साबुदाणा, वाटाणे यांची चतुर्थीच्या आठवड्यातली आणि महिनाभर आधीची ओळ माझ्या वहीत शेजारी शेजारी आहे आणि दोन वर्षं सलग फरक दिसलाय. नारळ घरचे नसतील तर ते पण आधी घ्या, सोललेले नकोत, शेंडीवाले घ्या, टिकतात.

किती घ्यायचं

भाव गोलाखाली गेला म्हणून दहा किलो घेतलं आणि ऑगस्टमध्ये डाळीत टोके झाले तर ती स्वस्ताई कसली. आपल्याकडची दमट हवा विसरून चालत नाही, देशावरच्या लोकांसारखं वर्षाचं धान्य भरून ठेवणं इथे जमत नाही, रव्याला जाळी धरते, साखरेला पाणी सुटतं, पोहे मऊ पडतात.

म्हणून आधी आपल्याला महिन्याला किती लागतं ते काढा. सोपी युक्ती, पाकीट फोडलं की त्यावर पेनाने तारीख घाला, संपलं की बघा किती दिवस गेले. आम्हा पाच जणांना तूरडाळ महिन्याला अडीच किलो लागते, मार्चमध्ये १२० ने मिळाली तेव्हा मी पाच किलोच घेतली, दोन महिन्यांची. पावसाच्या आधी जे भरायचं ते मेच्या उन्हात दोन दिवस कडकडीत वाळवून, गार करून, मगच घट्ट झाकणाच्या डब्यात. गरम भरलं तर आत घाम धरतो. साबण, टूथपेस्ट, कपड्याची पावडर मात्र सहा महिन्यांची घ्या, खराब होत नाही, फक्त पावडरीचं तोंड बंद ठेवा, नाहीतर दगड होतो.

जायचा-यायचा खर्चही त्या भावात धरा. बायकांना १७ मार्च २०२३ पासून एसटीला निम्मं तिकीट आहे त्यामुळे तालुक्याला जाणं परवडतं, पण येताना पिशव्या जड झाल्या म्हणून १५० ची रिक्षा केली तर पाच किलो डाळीवर वाचलेले ६० रुपये गेलेच. मी जड सामानाची यादी साठवते आणि दोन महिन्यांतून एकदा शेजारच्या वहिनींबरोबर जाते, रिक्षा अर्धी अर्धी.

आणि गावातल्या वाण्याला अगदी तोडू नका. अडीनडीला उधार तोच देतो, पावसात लाईट नसताना दार उघडतो. मी त्याला वही दाखवते, सरळ सांगते की काका, तालुक्याला साखर ह्या भावाने मिळते, तुम्ही पाच किलोला किती कराल, आणि बहुतेक वेळा तो दोन-तीन रुपये तरी उतरवतो, मग मी तिथेच घेते. कोणी छापील एमआरपीच्या वर पैसे मागितले तर मात्र द्यायचे नाहीत, ते बेकायदा आहे, बिल मागा, आणि ऐकलंच नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाईनला फोन करता येतो. हा नंबर मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय, त्याच्याखाली तेलाचं ते जुनं गणित आहे, एक लिटर म्हणजे ९१० ग्रॅम.